सिस्टिक फायब्रोसिस आहे, वजन वाढत नाही. झिंक-लोहाचं सिरप सुरू करावं का?

मुलगा दीड वर्षाचा, अन्न पचवायचे एन्झाइम चालू, खाणं बरं, तरी वजनाचा काटा हलत नाही. आणि झिंक, लोह, कॅल्शियमपैकी काय द्यावं, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मुलीला हाच आजार आहे (जन्मजात, फुफ्फुसं, पचन आणि घाम यांवर परिणाम करणारा) आणि आम्ही विदर्भातले, त्यामुळे मी आधी मिठाचं विचारेन. तुम्ही त्याला वेगळं मीठ देताय का?

या मुलांच्या घामातून मीठ भरमसाट जातं. 1948 साली न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली, तेव्हा अशी मुलं गळून जाऊन रुग्णालयात येऊ लागली. त्यावरूनच तिथले बालरोगतज्ज्ञ डॉ. पॉल दि सांत'आन्येसे यांचं लक्ष घामाकडे गेलं. शरीरात सोडियम कमी पडलं की भूक मंदावते, वाढ खुंटते. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असूनही तूट असू शकते, म्हणून लघवीतलं सोडियम तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. घरातली मोठी माणसं 'लहानग्याला मीठ नको' म्हणतील. इतर बाळांसाठी ते बरोबर आहे, आपल्या नाही. अमेरिकेत अशा बाळांना जन्मापासूनच रोज पाव चमच्याच्या (चहाचा छोटा चमचा) निम्मं आणि सहा महिन्यांनंतर पाव चमचा मीठ द्यायला सांगतात. आपल्या एप्रिल-मेसाठी किती, ते वजन पाहून डॉक्टरच ठरवतील. उन्हाळ्यात मूल मलूल झालं, उलट्या सुरू झाल्या, तर घरी वाट बघत बसू नका. तातडीने रुग्णालयात नेऊन सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड तपासून घ्या.

मग शी बघा. तेलकट, चिकट, घाण वासाची असेल तर एन्झाइमचा डोस वजनाप्रमाणे वाढवलेला नसेल, किंवा गोळ्यांचे दाणे चावले जात असतील. तेलकट शीबरोबर झिंकही वाहून जातं. कॅलरी आणि एन्झाइम नीट असूनही वाढ होत नसेल तर डॉक्टर काही महिने झिंक देऊन बघतात, साधारण किलोमागे रोज 1 मिलिग्रॅम, सहा महिने. रक्तातलं झिंक नॉर्मल आलं तरी कमतरता नाहीच असं म्हणता येत नाही.

लोह मात्र मनाने देऊ नका. छातीत जंतुसंसर्ग असताना फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) फुगलेलं दिसतं, त्यामुळे रिपोर्ट वाचायलाही जाणकार लागतो. आणि कॅल्शियमच्या सिरपपेक्षा मी ड जीवनसत्त्वाची पातळी आधी तपासून घेईन. ते कमी असेल तर दूध, नाचणी कितीही द्या, अंगी लागत नाही.