देवाचे नाव आणि माणसाचे देणे

प्रिय बाळ,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुझे पत्र वाचून मी आधी रागावलो आणि राग थोडा ओसरल्यावर लिहायला बसलो. कंत्राटावरच्या बायकांचे जादा तास हजेरीपटावर चढतच नाहीत, महिन्याच्या शेवटी त्याच अपुऱ्या हजेरीपटावर तुझी सही घेतली जाते, पाळकसाहेब म्हणतात प्रार्थना कर आणि योग्य वेळेची वाट पाहा, आई म्हणते धाकट्याचे शिक्षण पुरे होईपर्यंत तोंड मिटून राहा. आणि या सगळ्यावर तू शोधलेला मार्ग असा की नोकरी आणि घर दोन्ही सोडून पूर्णवेळ सेवेला वाहून घ्यावे. तुला अन्यायाची चीड आहे याबद्दल मी तुझी पाठ थोपटत बसणार नाही, कारण ती चीड तुझ्या घरात आणि माझ्या घरात गृहीतच धरलेली आहे. मला राग आला तो या मार्गाचा.

माझ्याजवळ सांगण्यासारखा एकच नियम आहे आणि तो मी आयुष्यभर इतक्या वेळा बोललो आहे की माझी मुले तो माझ्या आवाजात म्हणून दाखवतात: देवाचे नाव पुढे करून कुणाचेही देणे बुडवू नये. आईवडिलांचे नाही, जोडीदाराचे नाही, मजुराचे नाही. मार्काच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय पुन्हा वाच. तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचे ते मी देवाला वाहिले आहे, एवढे म्हटले की आईवडिलांना काही द्यावे लागू नये, अशी सोय तेव्हाच्या धर्मज्ञांनी करून ठेवली होती. येशूने ती सोय इतक्या कडक शब्दांत झिडकारली की कुटुंबाला दुय्यम मानणारी त्याचीच वचने वाचताना हा प्रसंग विसरता येत नाही. वधस्तंभावर असतानाही त्याने आपल्या आईला एका शिष्याच्या हवाली केले, हे योहान लिहून ठेवतो. तेव्हा सेवेसाठी घर सोडते असे तू लिहितेस, त्या वाक्यात घराचे काय देणे लागते याचा हिशेब कुठे आहे?

हाच नियम पाळकसाहेबांनाही लागू आहे, आणि त्यांना तो जास्त लागू आहे. मजुराची मजुरी रात्रभरही स्वतःजवळ ठेवू नये असे लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात सांगितले आहे, आणि शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते व ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी जाते, असे याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहितो. जी ओरड देवाला आधीच ऐकू गेली आहे तिच्यासाठी योग्य वेळेची वाट कसली पाहायची? 1963 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या बर्मिंगहॅममधल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी तिथल्या वर्णभेदाविरुद्धच्या निदर्शनांना अविचारी आणि अवेळी ठरवले, आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना उत्तर लिहिले. ते आठ जण दुष्ट नव्हते. ते सभ्य, प्रार्थनाशील आणि समेटाची भाषा बोलणारे लोक होते, आणि नेमके म्हणूनच ते उत्तर इतके अवघड जाते.

घर की न्याय, असे तू शेवटी विचारले आहेस. हा प्रश्नच मला मान्य नाही आणि त्याचे उत्तर मी देणार नाही. त्यापेक्षा यिर्मया संदेष्ट्याचा बत्तिसावा अध्याय घे. इसवी सनापूर्वी 588-587 च्या सुमाराची गोष्ट आहे. बाबेलच्या सैन्याने यरुशलेमेला वेढा घातला आहे, आणि हे नगर पडणार असे उघड बोलल्याबद्दल सिद्कीया राजाने यिर्मयाला पहाऱ्यात ठेवले आहे. अशा वेळी त्याचा चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, अनाथोथमधले माझे शेत विकत घे, कारण जवळचा नातलग म्हणून ते सोडवून घेण्याचा हक्क तुझा आहे. जे गाव शत्रूच्या घशात चालले आहे तिथल्या शेताला काय किंमत? तरी यिर्मया सतरा शेकेल रुपे तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीखत करतो आणि ते मातीच्या भांड्यात जपून ठेवायला आपला लेखनिक बारूख याला सांगतो. राजाला खरे सांगितल्याबद्दल कैदेत असलेला माणूस नात्याचे देणे टाळत नाही, आणि नात्याचे देणे आहे म्हणून राजाला सांगितलेला शब्दही मागे घेत नाही. या गोष्टीतून आपले लोक, देशात पुन्हा वस्ती होईल ही आशा तेवढी उचलतात; मला मात्र ते तोललेले रुपे आणि केलेली सही अधिक महत्त्वाची वाटते.

आणि पुढचा चौतिसावा अध्यायही वाच, ज्यावर मी उपदेश फार क्वचित ऐकला आहे. त्याच वेढ्याच्या भीतीने सिद्कीया आणि सरदारांनी करार करून आपले इब्री दास-दासी मोकळे केले. मग बाबेलचे सैन्य काही काळ मागे हटले आणि या लोकांनी मोकळे केलेल्यांना पुन्हा धरून दास केले. काळ अनिश्चित आहे म्हणून माणसे गप्प बसतात, असे तू लिहितेस. काळ अनिश्चित असला की माणसे अचानक नीतिमानही होतात, आणि संकट टळले की हिशेब पुन्हा पहिल्यासारखा करतात. तुझा निर्णय भीतीतून आला असेल तर तोही टिकणार नाही, मग तो कितीही पवित्र दिसो.

तुझ्या आईविषयी. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना ही बातमी बाप्तिस्मा झाल्यानंतर पोहोचली, आणि पुढची कित्येक वर्षे त्या नवऱ्यापासून दूर राहिल्या. पुढे त्या स्वतःच्या विचाराने विश्वासात आल्या, जातीचा अभिमानही त्यांनी स्वतःच टाकला, आणि म्हणून आपण ही गोष्ट आनंदाने सांगतो. टिळकांची भजने मला पाठ आहेत, त्यांच्या श्रद्धेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. तरीही लक्ष्मीबाईंच्या थोर मनाने गोष्टीचा शेवट चांगला झाला म्हणून तिची सुरुवात योग्य ठरते, हे मला पटत नाही. आईला आधी सांग. परवानगी मागायला नव्हे, कारण खोटी सही न करण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. पण तुझ्या निर्णयाची किंमत तिलाही मोजावी लागणार आहे, आणि ती किती, हे तिला आधी कळणे हा तिचा हक्क आहे.

हे मी अनुभवाने लिहितो आहे. मंडळीचा खजिनदार असताना इमारतनिधीचा आकडा फुगत होता आणि रखवालदार व झाडलोट करणाऱ्या बाई यांचे पगार थकत होते. त्या हिशेबावर सही करायला मी वार्षिक सभेत नकार दिला. पंचांपैकी एक जण माझा बालमित्र होता. तो त्यानंतर माझ्याशी बोलला नाही, आणि समेट होण्याआधीच गेला. त्याचे मला आजही वाईट वाटते. नम्रपणे बोलला असतास तर निभावले असते, असे लोक मला अजून सांगतात. माझी भाषा नम्रच होती, आकडे कठोर होते. पगार चुकते झाले आणि मी खजिनदार राहिलो नाही, यातले पहिले कुणाला आठवत नाही. पण आदल्या रात्री मी सगळे पत्नीपुढे मांडले होते, तिने दोन प्रश्न विचारले होते आणि मग होकार दिला होता. म्हणून लोकांचे येणे-जाणे थांबले तेव्हा घरात कुणी कुणाला दोष दिला नाही. मी हट्टी आहे, असे तू म्हणशील. असेन. त्या दोन पगारांसाठी दुसरा कुणी हट्टी झाला असता तर मला गप्प राहायला आवडले असते.

आता कामाचे. सर्वांत आधी त्या बायकांशी बोल. मजुरी त्यांची आहे, नोकरी जाईल ती आधी त्यांची जाईल, तेव्हा तक्रार कधी आणि कुणी करायची हे ठरवण्याचा हक्कही त्यांचाच आहे. त्यांना न विचारता त्यांच्या वतीने शूर होणे हेही देणे बुडवणेच आहे. तुझ्या स्वतःच्या सहीला मात्र कुणाची वाट पाहावी लागत नाही. हजेरीपट पुढे आला की जादा तासांची नोंद यात नाही, एवढा शेरा स्पष्ट अक्षरांत आणि तारखेसह लिहून मगच सही कर. शेरा चालणार नाही म्हणाले तर सही करू नकोस. काय घडले ते त्याच दिवशी वहीत उतरवून ठेव. दुसरी नोकरी शोधायला आजच लाग. आणि धाकट्याला सगळे सांग. तो आता लहान नाही, आपली फी कुठून येते हे त्याला कळायला हवे, आणि शिकता शिकता थोडे कमावणे त्याला जड जाणार नाही. पूर्णवेळ सेवेचा विचार यानंतर करू, तोवर त्याविषयी मला लिहू नकोस.

आईशी बोलणे झाले की कळव. ती रागावली तर तिला माझ्याशी बोलायला सांग; तिचे प्रश्न तुझ्या प्रश्नांपेक्षा अवघड असतील, आणि त्यांची तयारी मला करावी लागेल.

तुझा,
काका