पायलट जरूर व्हा, पण घर तारण ठेवून नको

प्रश्न : मी २६ वर्षांची, चार वर्षं नोकरी करते. व्यावसायिक पायलट व्हायचं लहानपणापासून मनात आहे. प्रशिक्षणाच्या खर्चाचा एक तृतीयांश माझ्याकडे साठलाय. उरलेल्या रकमेसाठी आईबाबा राहतं घर तारण ठेवायला तयार आहेत. फ्लाइंग स्कूल म्हणतं, पूर्ण फी एकरकमी भरली तर सूट. वय निघून चाललंय. भरू का?

उत्तर : पायलट जरूर व्हा. पण घराला हात लावू नका आणि फी एकरकमी तर मुळीच भरू नका.

आधी वयाचं. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे दोन पायलटांच्या प्रवासी विमानात ६५ वर्षांपर्यंत उडता येतं. तुम्ही दोन वर्षं थांबून सुरुवात केली आणि तिशीत लायसन्स मिळालं, तरी ३५ वर्षं हातात राहतात. तोटा आहे, तो लपवत नाही: बऱ्याच विमान कंपन्यांत कॅप्टनपद ज्येष्ठतेच्या यादीवर ठरतं, म्हणजे उशिरा लागलात तर मोठ्या पगाराची एकदोन वर्षं कमी मिळतील. पण तो तोटा सोसण्यासारखा आहे. घर जाणं सोसण्यासारखं नाही.

पहिला खर्च फीचा नको, क्लास वन मेडिकलचा, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणाऱ्या वैद्यकीय तपासणीचा करा. डोळे, कान, हृदय, रंग ओळखण्याची क्षमता, सगळं तपासलं जातं. एकूण खर्चापुढे ही रक्कम अगदी किरकोळ. निम्मी फी भरून झाल्यावर मेडिकलमध्ये अडकलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्या आईवडिलांशी बोलणं फार जड जातं.

आता एकरकमी फी. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीने प्रशिक्षणाच्या काळात साधी वही ठेवली होती. रोज एक ओळ. 'उड्डाण ५० मिनिटं.' त्याखाली 'पाऊस.' 'विमान दुरुस्तीला.' 'इन्स्ट्रक्टर रजेवर.' 'पाऊस.' १४ महिन्यांत संपेल असं सांगितलेल्या कोर्सला २६ महिने लागले. राहण्याजेवणाचा खर्च मात्र रोज चालूच होता. तिने टप्प्याटप्प्याने पैसे भरले होते म्हणून निदान बोलायला तोंड होतं. तिच्या बॅचमधल्या ज्यांनी सगळे आधीच भरले, त्यांना विमान मिळायला आणखी वेळ लागला. शाळा बंद पडली तर पैसे परत मिळवताना काय हाल होतात, ते वेगळंच. सूट कितीही आकर्षक असो, झालेल्या तासांपुरतेच पैसे द्यायचे.

या उशिराचं व्याजही मोजा. १०० चं कर्ज, दर वर्षाला १० टक्के, व्याज दरमहा मुदलात मिळणारं, पहिली दोन वर्षं हप्ता नाही. तेवढ्यात कर्ज १२२ होतं आणि पुढच्या दहा वर्षांत तुम्ही साधारण १९४ फेडता. नोकरी लागायला आणखी दोन वर्षं गेली आणि बँकेने तोवर हप्ता थांबवला, तर हाच आकडा २३६ वर जातो. मुद्दल तेवढंच, आणि या काळात चूक कुणाचीच नाही. २०२० मध्ये जगभर विमानं जमिनीवर आली, तेव्हा नुकतं लायसन्स घेतलेल्यांची यात काही चूक नव्हती.

बहुतेकांच्या हिशेबात लायसन्स मिळालं की खर्च संपतो. तो संपत नाही. जेट उडवायला टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण आणि परवानगी लागते. काही कंपन्या ते स्वतः करून घेतात आणि बाँड लिहून घेतात, काही तुमच्याच खिशातून घेतात. नोकरीची वाट बघताना इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेरचं दिसत नसताना उपकरणांवर उडवण्याची परवानगी) आणि मेडिकल चालू ठेवायलाही पैसे पडतात. टाइप रेटिंग आणि वर दीड वर्षाचा घरखर्च एवढी रक्कम बाजूला असल्याशिवाय उड्डाण सुरू करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इन्स्ट्रक्टर रेटिंग, म्हणजे दुसऱ्यांना शिकवण्याची परवानगी घेतलीत तर हा काळ कमाईचा होतो आणि उड्डाणाचे तासही वाढतात.

तुम्ही विचारलं नाही, पण बाई म्हणून एक हिशेब तुम्हाला आत्ताच करावा लागेल. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या शिफारशीनुसार, धोका नसलेल्या गर्भारपणातही पायलटला १२ आठवडे पूर्ण झाल्यापासून २६ आठवड्यांपर्यंतच तंदुरुस्त धरता येतं. कित्येक ठिकाणी नियम याहून कडक आहेत. म्हणजे बाळंतपणाच्या रजेआधीही काही महिने उड्डाण बंद. पायलटच्या पगारात बऱ्याचदा एक भाग ठरलेला आणि एक भाग उडलेल्या तासांवर असतो. हप्ता नेहमी ठरलेल्या भागातच बसला पाहिजे. पूर्ण पगार धरून हप्ता बांधलात, तर मूल कधी हवं हे बँक ठरवेल, आणि ते मला तुमच्यासाठी नको आहे. मेडिकल कायमचं गेलं तर भरपाई देणारा लॉस ऑफ लायसन्स विमा पहिल्या पगारापासून घ्या. गर्भारपण त्यात धरतात का, ते सही करण्याआधी विचारा.

मग पैसे कुठून? दोन वर्षं नोकरी चालू ठेवा आणि निम्मा पगार बाजूला टाका. थिअरीच्या परीक्षा नोकरी करता करता देता येतात, तिथपासून सुरुवात करा. 'दि नाइंटी-नाइन्स' ही महिला पायलटांची १९२९ पासूनची संघटना सदस्यांना शिष्यवृत्त्या देते. अर्ज करायला लागा. आईबाबांच्या म्हातारपणाची तरतूद पूर्ण झाल्यावर जे उरेल तेवढंच त्यांच्याकडून घ्या. राहील त्यासाठी कर्ज, तुमच्या नावावर, शेवटच्या टप्प्यात.

मेडिकलचा निकाल हातात आला की पुन्हा लिहा, आणि शाळेच्या करारातलं फी परताव्याचं कलम सोबत पाठवा.