वडिलांच्या पद्मिनीची सीटं: एफडी मोडू का?

सांगलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील वारले, त्यांची १९७८ ची प्रीमियर पद्मिनी दारात उभी आहे. गाडी चालते, पण सीटं पार गेली आहेत. कुशनवाल्याने स्प्रिंग, काथ्या, फोम आणि रेक्झिन धरून ४५,००० सांगितले. पगार ४८,०००, घराचा हप्ता १५,५००, घरखर्च २२,०००, एसआयपी ५,०००. एफडी १,१०,००० ची. ती मोडावी, की पर्सनल लोन काढावं? भाऊ म्हणतो, 'व्हिंटेज आहे, पैसे वसूल होतील.'

ताई, एफडीला हात लावू नका. हप्ता आणि घरखर्च मिळून तुमचे महिन्याला ३७,५०० जातात. म्हणजे ही एफडी पुरते तीन महिनेही पुरणारी नाही. कमावत्या तुम्ही एकट्या. लोनही नको. १५ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण २,१८० बसेल आणि व्याजापोटी सात हजारांवर जातील. तेवढ्यात रेक्झिनचा बराचसा खर्च निघतो.

भावाचं म्हणणं मला पटत नाही. सरकारी नियमात व्हिंटेज म्हणजे ५० वर्षांहून जुनी गाडी. तुमची २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. शिवाय तशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापरात काढता येत नाही. स्वतःच्या वापराची गाडी विकून फायदा झाला तर त्यावर भांडवली नफ्याचा कर नाही, हे खरं. पण विकायची नाही हे तुम्हीच लिहिलंय, मग वसुलीचा हिशोब कशाला? हा हौसेचा आणि मायेचा खर्च आहे. तो जरूर करा, फक्त शिलकीतून करा.

एसआयपीही वजा केली की शिलकीत महिन्याला ५,५०० राहतात. त्यातले ४,००० बाजूला टाका. पुढच्या सलग सीटचे कुशनवाल्याने वेगळे १८,००० सांगितलेत, ते पाच महिन्यांत जमतील. आईंना नरसोबावाडीला न्यायचंय आणि त्या पुढे बसतात, असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा पुढचं सीट आधी, मागचं पुढच्या वर्षी.

५,५०० ची तयार कव्हरं मात्र चढवू नका. खालचा काथ्या कुजलेला असेल तर वर काहीही चढवा, स्प्रिंग आईंच्या पाठीला टोचायची ती टोचणारच.

एक काम या रविवारीच करा. सीट उचलून बाहेर काढा. खाली भुशासारखा काथ्या सांडलेला दिसेल, तो झाडा, मॅट उचला आणि पत्र्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. आवाज खणखणीत आला तर ठीक. बद्द आला किंवा पत्रा दबला, तर गंज आतपर्यंत गेलाय. मग जमवलेले पैसे आधी वेल्डिंगला लावा, सीटं थांबतील. माझ्या एका अशिलाने हा क्रम उलटा केला. नवंकोरं सीट चार महिन्यांत परत उतरवावं लागलं आणि मजुरी दोनदा गेली.

कुशनवाल्याकडून स्प्रिंग, फोम, रेक्झिन आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या, निम्म्याहून जास्त आगाऊ देऊ नका. जुनं कव्हर त्याला टाकू देऊ नका. त्याची शिवण उसवून त्याच मापाने नवं कापलं की पायपिंग, म्हणजे शिवणीवरची गोल किनार, वडिलांच्या वेळी होतं तिथेच येईल.