बारावीच्या वर्षी पखवाज बंद करू नकोस

प्रिय विद्यार्थ्यास,
अनेक आशीर्वाद.

पूर्वपरीक्षेचे गुण कळल्यापासून तू घरात कोणाशी धड बोलत नाहीस आणि पखवाजही बंद केला आहेस, असे तुझ्या आईकडून समजले. अभ्यासाला वेळ हवाच. परंतु राग आवरण्याचे जे शिक्षण तुला भजनात मिळत होते, नेमके तेच तू सोडतो आहेस, याची मला काळजी वाटते.

आपल्या कुडाळ-कणकवलीकडची डबलबारी, म्हणजे दोन बुवांमधला भजनाचा सामना, आठव. समोरचे बुवा टोमणे मारतात, मांडवातले लोक हसतात, तुझे हात शिवशिवतात. तरीही आपली बारी येईपर्यंत डाव्या पुडीवरच्या कणकेला पाण्याचा हात लावत तुला थांबावे लागते. पुढे गजर चढला की तोच आवेश ठेक्यात उतरवायचा असतो, आणि लय पळाली तर झांजवाले व कोरस फरफटतात, म्हणून ती तिथल्या तिथे सावरावी लागते. राग गिळणे वेगळे आणि तो वळवणे वेगळे, हे तिथे हातांना कळते. मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ साली भावनानियमनाची जी मांडणी केली, तिच्यातही हा भेद आहे. उसळलेली भावना नुसती चेहऱ्याआड दडपली तर ती आत कमी होत नाही, शरीरावरचा ताण मात्र वाढतो. त्याऐवजी वेळीच लक्ष वळवणे किंवा प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहणे अधिक हिताचे ठरते. सध्याचा तुझा अबोला पहिल्या प्रकारचा आहे. यात तुला दोष देत नाही, कारण आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत घडत असतो.

म्हणून आठवड्यातून एकदा भजनाला जा, आणि मन लागत नसेल त्या दिवशी तर अवश्य जा. स्पर्धा मात्र या वर्षी नकोत. बक्षिसाचा हिशेब सुरू झाला की छंदाचीही परीक्षा होते. अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांत भिंत नको, असे २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही सांगते. तुझ्या वडिलांशी मी स्वतः बोलेन.

झोप आणि भूक उडाली असेल, कशातच गोडी उरली नसेल, तर मात्र केवळ पखवाजावर विसंबू नकोस. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक नीट लिहून ठेव: १४४१६. तिथे मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत. त्याआधी मला सांगावेसे वाटले, तर केव्हाही घरी ये.

तुझा,
सर