एफडी मोडण्याआधी मुलीची जन्मतारीख पाहा

ऐरोलीच्या एका ताईंचं पत्र आहे. मुलगी बारावीला, ऑगस्टमध्ये १८ पूर्ण होतील. उंची १६३ सेंटीमीटर, वजन १०९ किलो, झोपेत श्वास अडकतो. ठाण्याच्या डॉक्टरांनी स्लीव्ह सर्जरी (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याचं ऑपरेशन) सांगितली आहे, खर्चाचा अंदाज ४ लाख २५ हजार. परीक्षा झाली की मे महिन्यात उरकून टाकू म्हणतात. एफडी ६ लाखांची आहे, ती मोडावी, पर्सनल लोन काढावं की सुकन्या खात्यातून पैसे घ्यावेत? २०१९ पासून १० लाखांचा फॅमिली फ्लोटर (सगळ्या कुटुंबाचा मिळून एक आरोग्य विमा) आहे, ‘पण एजंट म्हणतो वजनाचं ऑपरेशन त्यात बसत नाही.’

ताई, एजंटने अर्धंच सांगितलं. पॉलिसीतल्या लठ्ठपणाच्या कलमाचे शब्द विमा नियामक आयआरडीएआयने ठरवून दिलेले आहेत. ऑपरेशन डॉक्टरांच्या सल्ल्याने हवं, बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) ४० किंवा जास्त हवा, आणि पेशंटचं वय १८ पूर्ण हवं. बीएमआय ३५ ते ४० च्या मध्ये असेल, तर आधीचे साधे उपाय फसलेले हवेत आणि जोडीला गंभीर स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडकणं), आटोक्यात न येणारा टाइप २ मधुमेह किंवा हृदयविकार असावा लागतो. डॉक्टरी शास्त्र १८ वर अडत नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२३ मध्ये १३ वर्षांपुढच्या, तीव्र लठ्ठपणा असलेल्या मुलांनाही सर्जरीच्या तपासणीसाठी पाठवावं असं सांगितलं. पॉलिसी मात्र अडते. म्हणजे मे आणि ऑगस्टमधल्या तीन महिन्यांची किंमत तुमच्यासाठी सव्वाचार लाखांपर्यंत जाऊ शकते.

आता खरी मेख. मुलीचा बीएमआय ४१ आहे. ऑपरेशनआधी बहुतेक ठिकाणी दोन आठवड्यांचं लिक्विड डाएट देतात. तिचं वजन १०६ वर आलं की बीएमआय चाळिसाच्या खाली, आणि क्लेमवर प्रश्न! म्हणून आजचं वजन-उंची डॉक्टरांच्या लेटरहेडवर तारखेसह घ्या. स्लीप स्टडी (झोपेतल्या श्वासाची तपासणी) करून घ्या, त्यात ॲप्निया ‘सिव्हिअर’ म्हणजे गंभीर आला तर बीएमआय ३५ ते ४० च्या वाटेनेही दार उघडतं. आहारतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या जपून ठेवा, साधे उपाय करून झाल्याचा पुरावा तोच. मग विमा कंपनीला मेल करा: कोणत्या दिवशीचा बीएमआय धरणार, या ऑपरेशनला वेगळी मर्यादा किंवा प्रतीक्षाकाळ आहे का? फोनवरचं उत्तर उत्तर धरू नका. यजमानांच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असेल तर एचआरलाही विचारा, तिथल्या अटी कधी कधी सैल असतात.

हॉस्पिटलला विचारायचं एवढंच, की अंदाजात स्टेपलरची कार्ट्रिज (जठर शिवणाऱ्या यंत्रातले पिनांचे संच) धरली आहेत का. बिल तिथेच फुगतं.

सव्वाचार लाखांवर खर्च संपत नाही. व्हिटॅमिन, लोह, कॅल्शियम, रक्ततपासण्या हे जन्मभराचं आहे. पहिल्या वर्षी मी महिना ३,००० धरेन. सैल पडलेली त्वचा काढायची झाली तर ती कॉस्मेटिक म्हणून सहसा खिशातूनच. गोळ्या रोज तिलाच घ्यायच्या आहेत, म्हणून विचारतो: पत्रात ‘लग्नाच्या आत व्हायला हवं’ असं सासूबाईंचं म्हणणं आहे, मुलीचं कुठेच नाही. डॉक्टरही तिला एकटीला बसवून विचारतील.

थांबणं तब्येतीला परवडेल का, हे डॉक्टरच सांगतील, मी नाही. चालेल म्हणाले तर दिवाळीच्या सुट्टीत करा. नाही म्हणाले तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून बँकेकडून उचल) काढा. त्याचा व्याजदर एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्केच जास्त पडतो. ४ लाख २५ हजारांचं पर्सनल लोन १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता साधारण १४,५०० आणि नुसतं व्याज ९८ हजारांच्या आसपास. सुकन्यातून मधे पैसे मिळतात ते शिक्षणासाठी, ऑपरेशनसाठी नाही. ते तिच्या कॉलेजच्या फीला राहू द्या, ती तर जुलै-ऑगस्टमध्येच भरायची आहे.