एका फोल्डरचे दोन झाले, आता कुठला उडवायचा?

या वेळच्या पत्रांमधली बरीचशी एकाच दुखण्याची आहेत, क्लाउडवरचे फोल्डर डबल झालेत आणि त्यातला खरा कुठला ते कळत नाहीये. पहिल्या पत्राला म्हणून जरा सविस्तर उत्तर देतोय, बाकीची त्याच्याच आधाराने वाचा.

प्रश्न: मी भाषांतराचं काम करते. घरी लॅपटॉप, ऑफिसात कॉम्प्युटर, दोन्हीकडे एकाच अकाउंटचा क्लाउड फोल्डर. सगळं नीट चाललं होतं, गेल्या आठवड्यात बघते तर 'पुस्तक' फोल्डरच्या शेजारी 'पुस्तक (१)' आलेला आणि आतल्या काही फायलींच्या नावाला शेपूट लागलेलं, कॉम्प्युटरचं नाव, मग कॉन्फ्लिक्टेड कॉपी आणि तारीख. मला वाटलं डुप्लिकेटच आहे, म्हणून लॅपटॉपवरनं (१) वाला उडवला तर तो ऑफिसातनंही गेला! आता वाटतंय सातव्या प्रकरणाचं शेवटचं काम त्यातच होतं. काय करू?

उत्तर: आधी ब्राउझर उघडा, क्लाउडच्या वेबसाइटवर लॉगिन करा आणि तिथे डिलीट झालेल्या फायली बघा. लॅपटॉपच्या रीसायकल बिनवर अवलंबून राहू नका, वेबवरचंच बघा. तुम्ही लिहिलेलं शेपूट ड्रॉपबॉक्सच्या पद्धतीचं आहे आणि त्यांच्या फुकट अकाउंटलाही डिलीट केलेलं ३० दिवस परत आणता येतं. गूगल ड्राइव्हचं ट्रॅशही ३० दिवसांचं, वनड्राइव्हला पर्सनल अकाउंट असेल तर ३० आणि ऑफिसचं असेल तर एरवी ९३ दिवस. आठवडाच झालाय, त्यामुळे फोल्डर तिथे असायला हवा, तो रिस्टोअर करा आणि मग पुढचं वाचा. पण रिस्टोअर आत्ता करा, हे वाचून झाल्यावर नको.

आता तो दोन्हीकडनं का गेला ते सांगतो, कारण बहुतेकांची गडबड इथेच होते. सिंक म्हणजे बॅकअप नाही. सिंकचं काम एकच, इकडे जे झालं ते तिकडे करायचं, आणि डिलीट हासुद्धा त्याच्या दृष्टीने एक बदलच आहे, तुम्ही परिच्छेद लिहिला तो जसा पोचवला तसंच डिलीटही इमानदारीत पोचवलं.

आणि दोन फोल्डर मुळात झाले कसे? सिंकचं सॉफ्टवेअर प्रत्येक कॉम्प्युटरवर एक छोटी नोंद ठेवतं, की शेवटचं जेव्हा सर्व्हरशी जुळलं तेव्हा ही फाइल अशी होती. नंतर फक्त तुमच्याकडची बदलली तर ती वर जाते, फक्त सर्व्हरवरची बदलली तर खाली येते. पण त्या शेवटच्या नोंदीनंतर दोन्हीकडची बदललेली असली तर कुठली खरी हे त्याला ठरवता येत नाही, आणि वर्डची फाइल म्हणजे आतून झिप केलेलं गाठोडं असतं त्यामुळे दोन्हीतली वाक्यं काढून एकत्र करणंही त्याला जमत नाही. मग ते दोन्ही ठेवतं, एकाला शेपूट लावतं. फोल्डरचंही तसंच, एक कॉम्प्युटर ऑफलाइन असताना तिथे 'पुस्तक' नावाचा नवा फोल्डर झाला आणि सर्व्हरवर त्याच नावाचा आधीच दुसरा आहे, तर एकाला (१) लागतो. हा प्रश्न तसा जुना आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात महादेव सत्यनारायणन यांच्या गटाने १९८७ पासून कोडा नावाची फाइल सिस्टम (म्हणजे फायली साठवायची आणि शोधायची व्यवस्था) बनवली, तिच्यात नेटवर्क तुटलेलं असतानाही काम चालू ठेवायची सोय होती, आणि दोन्हीकडे बदल होऊन ते आपोआप जुळले नाहीत तर तिथेही शेवटी माणसालाच बसून सोडवावं लागायचं. म्हणून माझं सगळ्यांना कळकळीचं सांगणं आहे की शेपूटवाली फाइल म्हणजे कचरा समजू नका. ती तुमच्याच हातचं काम आहे, फक्त सॉफ्टवेअरला ते कुठे ठेवावं कळलं नाही.

आता निस्तरायचं कसं. सगळ्यात आधी दोन्ही फोल्डर लॅपटॉपवर पूर्ण उतरवून घ्या. फायलीवर ढगाचं चिन्ह असेल तर ती खरंतर तुमच्या डिस्कवर नाहीये, नुसतं नाव आहे, तेव्हा फोल्डरवर राइट क्लिक करून कायम या डिव्हाइसवर ठेवा असा जो पर्याय असतो तो द्या आणि सगळीकडे हिरवी टिक येईपर्यंत थांबा. मग सिंक पॉज करा, दोन्ही कॉम्प्युटरवर, मोबाइलवर ॲप असेल तर तिथेही काही उघडू नका. (वनड्राइव्हवाल्यांना पॉज करताना २, ८ की २४ तास असं विचारतं, २४च घ्या, अर्ध्या कामात सिंक परत सुरू झालं की नव्या कॉपी तयार व्हायला वेळ लागत नाही.) मग दोन्ही फोल्डर जसेच्या तसे एखाद्या पेनड्राइव्हवर किंवा एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करून ती काढून बाजूला ठेवा. एवढं झालं की तुमच्या हातून काही चुकलं तरी काम जाणार नाही.

मग तुलना. विंडोजवर विनमर्ज फुकट मिळतं, लिनक्सवर मेल्ड, दोन फोल्डर दिले की कुठल्या फायली तंतोतंत सारख्या, कुठल्या फक्त डावीकडे, कुठल्या फक्त उजवीकडे आणि कुठल्या वेगळ्या अशी यादी समोर येते. सारख्या असतील त्यांचा विचार सोडून द्या, एकीकडेच असतील त्या दुसरीकडे नेऊन ठेवा, खरं काम उरतं ते वेगळ्या फायलींचं आणि बहुतेक वेळा त्या मोजक्याच असतात.

त्या मोजक्या फायलींना तारीख बघून निकालात काढू नका!! हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या एका लेखाच्या अशाच दोन कॉपी झाल्या होत्या, एकीची तारीख मंगळवार रात्रीची, दुसरीची बुधवार सकाळची, मी बुधवारची ठेवणारच होतो. उघडून बघितलं तर बुधवारी मी फक्त ती फाइल उघडून एक स्वल्पविराम टाकून सेव्ह केलेली, आणि मंगळवारी रात्री दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिहिलेले तीन परिच्छेद तिच्यात नव्हतेच, कारण ते तोपर्यंत तिथे पोचलेच नव्हते. नवी तारीख म्हणजे जास्त काम असं नसतं. वर्डमधे रिव्ह्यू टॅबमधे कंपेअर आहे, तिथे दोन्ही फायली द्या, मग जे एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही ते रंगीत होऊन दिसतं आणि एकेक बदल स्वीकारत किंवा नाकारत जाता येतं. तुमच्या सातव्या प्रकरणाला तेच करा, वेळ लागेल पण एकही वाक्य हरवणार नाही.

अजून एक, दोन फोल्डरपैकी कशात गोळा करायचं? वेबवर जाऊन बघा कुठला फोल्डर इतरांबरोबर शेअर केलेला आहे, तुमच्या संपादकांना लिंक दिली असेल तर ती त्या एका फोल्डरचीच असते. तोच ठेवायचा आणि दुसऱ्यातलं त्यात आणायचं. उलटं केलंत तर घरी सगळं नीट दिसेल आणि संपादक मात्र जुन्याच फोल्डरमधे फायली शोधत बसतील. रिकामा झालेला फोल्डर लगेच उडवू नका, सिंकच्या बाहेर नेऊन जुना असं नाव द्या आणि महिनाभर राहू द्या. मग सिंक आधी एकाच कॉम्प्युटरवर चालू करा, पूर्ण होऊ द्या, मगच दुसऱ्यावर.

आणि पुन्हा होऊ नये म्हणून, ऑफिसातनं निघताना फाइल बंद करा. वर्डमधे फाइल उघडी, कॉम्प्युटर स्लीपला, आणि घरी तुम्ही तीच फाइल उघडलीत, सकाळी तिकडचा कॉम्प्युटर जागा झाला आणि जुन्या उघड्या फाइलवरच तुम्ही सेव्ह दाबलंत, मी बघितलेल्यातल्या निम्म्याहून जास्त कॉपी अशाच झालेल्या आहेत.

प्रश्न: आमच्या फोल्डरला (१) वगैरे काहीच लागलेलं नाहीये. 'दुसऱ्या सहामाहीचे अहवाल' या नावाचे दोन फोल्डर शेजारीशेजारी, नाव अक्षर न् अक्षर सारखं. स्पेसही तपासली. असं कसं होऊ शकतं?

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण हे दुखणं मराठी टाइप करणाऱ्यांच्या वाट्याला हमखास येतं आणि त्यावर कोणी बोलत नाही. नावं दिसायला सारखी आहेत, आतून सारखी नसणार, आणि माझा संशय सरळ 'ऱ्या'वर आहे.

'दुसऱ्या'मधला तो अर्धा र तीन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्डवर ऱ हे एकच अक्षर येतं, मग हलंत (पाय मोडायचं चिन्ह), मग 'या'. काहींवर साधा र, हलंत आणि त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह येतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे र आणि खाली नुक्ता, म्हणजे ठिपका, अशी दोन वेगळी चिन्हं. डोळ्याला तिन्ही सारखे, कॉम्प्युटरला तीन वेगळी नावं. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी क्रमांक देणाऱ्या मानकाच्या, हिशोबाने पहिला आणि तिसरा प्रकार एकच मानायचे असतात पण विंडोजची डिस्क ते मानत नाही, दोन्ही शेजारीशेजारी ठेवते. जुन्या मॅकची फाइल सिस्टम तर तुम्ही ऱ टाइप केलं तरी नाव साठवताना ते र आणि नुक्ता असं फोडूनच ठेवायची. आणि मधलं जोडचिन्हवालं नाव तर युनिकोडनेही वेगळंच.

तपासायचं असं, दोन्ही फोल्डरची नावं कॉपी करून नोटपॅडमधे वरखाली पेस्ट करा, 'दुसऱ्या'च्या शेवटी कर्सर ठेवा आणि बॅकस्पेस सावकाश एकेकदा दाबत मोजा. बहुतेक ठिकाणी एका दाबाला एकच चिन्ह जातं. पहिल्या प्रकारात काना, य, हलंत, ऱ, म्हणजे चार दाबात 'ऱ्या' संपतो. जोडचिन्हवाल्यात पाच लागतात, आणि तिसऱ्या दाबाला तो डोळ्याच्या पापणीसारखा र मोडून साधा हलंत र दिसायला लागतो. नुक्तावाल्यातही पाचच, पण तिथे चौथ्या दाबाला र खालचा ठिपका जातो आणि नुसता र उरतो.

कुठला काय ते कळलं की वर सांगितलं तसंच, एकाचं नाव आधी पूर्ण वेगळं करा, सिंक होऊ द्या, मग फायली हलवा. फोल्डरला मराठी नावं देणं मात्र यापायी सोडू नका, आपल्या कामाची नावं आपल्या भाषेत असावीत असं मला मनापासून वाटतं. फक्त गटात फोल्डर एकानेच बनवायचा आणि दुसऱ्या कुणाला तेच नाव लागलं तर टाइप न करता कॉपी-पेस्ट करायचं. शोधाशोधीतही याचा फायदा होतो, कारण एका प्रकारचा 'ऱ्या' टाइप करून सर्च केलं की दुसऱ्या प्रकारच्या फायली बऱ्याचदा सापडतच नाहीत.

इंग्रजी नावांनाही अशीच भानगड असते ती लहानमोठ्या लिपीची. लिनक्सवर मोठ्या आणि छोट्या अक्षरातली नावं वेगळी, विंडोजवर एकच, म्हणून तिथे एकाला केस कॉन्फ्लिक्ट असं शेपूट लागतं.

प्रश्न: डुप्लिकेट फायली शोधून आपोआप उडवणारं सॉफ्टवेअर क्लाउड फोल्डरवर चालवलं तर चालेल का? हजारो फायली आहेत.

उत्तर: शोधायला चालेल, उडवायला नको. सॉफ्टवेअर नावावरून ठरवत असेल तर हातच लावू नका. गूगल ड्राइव्हमधे तर एकाच फोल्डरमधे एकाच नावाच्या दोन पूर्ण वेगळ्या फायली राहू शकतात, कारण तिथे ओळख नावावर नसते, प्रत्येक फाइलला स्वतःचा आयडी असतो. हॅश काढून तुलना करणारं असेल, म्हणजे आतल्या सगळ्या मजकुरावरून एक छोटा ठसा काढून ते ठसे ताडून बघणारं, तर ते ज्याला सारखं म्हणेल ते विश्वासाने सारखं समजा. तरी आधी सगळे डुप्लिकेट एका वेगळ्या फोल्डरमधे हलवू द्या, आठदहा फायली हाताने उघडून बघा, मग ठरवा.

प्रश्न: हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा मी क्लाउड फोल्डरमधेच ठेवलाय, म्हणजे दोन्ही कॉम्प्युटरवर मिळतो. पण रोज नव्या कॉपी दिसतायत आणि काल आकडे जुळेनात.

उत्तर: आजच बाहेर काढा. हिशोबाचा डेटा म्हणजे डेटाबेस, त्याच्या अनेक फायली एकमेकींवर अवलंबून असतात आणि सिंक त्यांना एकेकटी उचलतं. एक फाइल आजची, दुसरी कालची अशी जोडी तयार झाली की आकडे बिघडणारच, आणि इथे तुलना करून दुरुस्त करणंही जमत नाही. आउटलुकच्या मेलची मोठी फाइल, फोटोंची लायब्ररी, प्रोग्रामरांची गिट रिपॉझिटरी (कोड आणि त्यातले जुने बदल जपणारा फोल्डर), सगळ्यांना हेच लागू. डेटा एकाच कॉम्प्युटरच्या साध्या डिस्कवर ठेवा, सॉफ्टवेअरमधूनच रोज बॅकअप घ्या आणि ती तयार झालेली बॅकअप फाइल क्लाउडमधे टाका, तारखेचं नाव देऊन, जुनीवर नवी न चढवता. काल आकडे चुकलेत ते दुरुस्त करायला कॉन्फ्लिक्टच्या फायलींशी खेळू नका, आकडे जुळत होते त्या दिवशीचा बॅकअप रिस्टोअर करा आणि त्यानंतरच्या नोंदी कागदांवरून परत भरा.