दरबारीचा गंधार चढा का लागतो?

तुम्ही लिहिलंय की दरबारी रागासाठी व्हायटल या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये एलएफओ (एखादी सेटिंग संथपणे हलवत राहणारी लहर) ओढून ऑसिलेटरच्या (मूळ आवाज निर्माण करणाऱ्या भागाच्या) ट्यूनवर सोडला, आंदोलन (स्वराचा संथ डोल) आलं, पण आत्या म्हणतात गंधार चढा लागतोय. आत्यांचंच बरोबर आहे. ग्वाल्हेरात दरबारी ऐकत वाढलेला कान आहे तो, स्क्रीनवरच्या आकड्यापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा.

कारण जोडणीत आहे. व्हायटलमध्ये एलएफओची नवी जोडणी एकतर्फी असते. तो शून्यावरून वर जातो, परत शून्यावर येतो; मूळ सुराच्या खाली उतरतच नाही. २० सेंटची (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) मात्रा दिलीत तर सूर सरासरी १० सेंट चढा राहतो, आणि तानपुरा चालू असला की ते लगेच खुपतं. जोडणीच्या छोट्या नॉबवर राइट क्लिक करून ती बायपोलर केली की सूर दोन्हीकडे सारखा हलतो. बहुतेक जण एवढंच सांगून थांबतात.

दरबारीत मात्र तेही करू नका. तिथला गंधार अतिकोमल, म्हणजे नेहमीच्या कोमलाहूनही खालचा, रिषभाकडे झुकणारा. तेव्हा जोडणी एकतर्फीच ठेवा आणि मात्रा उणे करा. एलएफओचा मूळचा त्रिकोणी आकार शून्यापासून सुरू होतो, त्यामुळे स्वर जागेवर लागतो, खाली झुकतो, परत येतो. सुरुवातीला ३० सेंट घ्या, पुढचं कानाने ठरवा. वेग १ हर्ट्झच्या आसपास. ५-६ हर्ट्झला ते पाश्चात्त्य व्हायब्रेटो होतं. एलएफओ टेम्पोला बांधलेला असेल तर आधी सेकंदांवर आणा, आलापात ठोका नाही.

आता खरी अडचण: असा एलएफओ षड्ज-पंचमालाही हलवणार. म्हणून खालच्या पट्टीतलं मॉड व्हील (हाताने फिरवायचं चाक) ओढून त्याच छोट्या नॉबवर सोडा. जोडणीची स्वतःची मात्रा जवळजवळ शून्य, बाकी सगळी व्हीलकडून, तीही उणे. मग गंधारावर व्हील चढवायचं, पुढच्या स्वराआधी उतरवायचं. मी हे एलएफओच्या डिलेवर (स्वर लागल्यावर थोड्या वेळाने लहर सुरू करणाऱ्या सेटिंगवर) सोडून पाहिलं होतं. प्रत्येक लांब स्वर डोलू लागला. हातालाच कळतं कुठला स्वर डोलवायचा.

दोन ऑसिलेटर चालू असतील तर दोन्हींच्या ट्यूनला हीच जोडणी द्या, नाहीतर एक स्थिर, एक हलता, आणि दोन सुरांच्या टकरीची थरथर ऐकू येते. मींडेसाठी (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाण्यासाठी) व्हॉइस १, लेगाटो चालू, थोडा ग्लाइड.

एवढं झालं की तानपुरा लावून नुसता गंधार धरा आणि आत्यांना परत ऐकवा.